काठाला नको

इस्माईलमामांनी आबाला शीड शिकवलं ते आमच्या अंगणातल्या बाजेवर. बाज म्हणजे होडी, तिच्या मधोमध दोराने आवळून उभा केलेला बाभळीचा दांडका म्हणजे डोलकाठी, आणि आईचं विटलेलं लुगडं म्हणजे शीड. माझा बाप, आबा, बाजेच्या मागच्या टोकाला उकिडवा बसायचा आणि हातात मुसळ धरायचा. ते सुकाणू. मामा खरोखर गाल फुगवून फुंकायचे आणि विचारायचे, "आता वारा हकडून आला. काय करशील?" आबा मुसळ हलवायचा. त्यावर मामा एक तर मान डोलवायचे, नाही तर म्हणायचे, "बुडलास. बायकोपोरीसकट बुडलास." आजूबाजूची माणसं बघायला जमायची आणि हसायची. मी आत चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत असायची आणि दारातून मला सगळं दिसायचं. मला कोणी शिकवत नव्हतं, त्यामुळं चुकायची भीती नव्हती. माणसांसमोर चुकायची मला फार भीती. म्हणून आबाच्या आधी मला ते समजलं.

आम्ही भोई. आबाचा बाप आणि त्याचा बाप मुळा नदीवर होडी चालवत आले. नदीची होडी चपट्या बुडाची, तिला शीड नाही, सुकाणू नाही. हातात एक लांब वेळू, तो तळाला टेकवायचा आणि होडी पुढं रेटायची. पूर आला, वारा आला, काहीही झालं तरी आमच्या माणसाला एकच ठाऊक, जवळचा काठ गाठायचा. काठाला लागलं की सुटलो. पुढं मुळेवर धरण झालं, पाणी अडलं, आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही वरच्या माळावर राहायला आलो. रस्ताही बुडाला. राहुरीला जायचं तर आधी होडीनं धरणाच्या भिंतीपाशी जायचं आणि तिथून एस.टी. धरायची. होडीला माणसं भरपूर मिळू लागली. पण पहिल्याच दिवशी आबानं जुन्या नदीच्या पात्रावर वेळू खाली सोडला आणि तो टेकेचना. हातभर वर उरला तेव्हा आबानं तो ओढून घेतला. घरी येऊन आईला म्हणाला, "तळ लागंना गं." एवढंच म्हणाला आणि जेवला नाही.

मामा धरणावरच्या सरकारी लाँचवर खलाशी होते. रत्नागिरीकडचे, जन्म समुद्रात गेलेला. इकडं जेवणाचे हाल म्हणून आमच्याकडं जेवायला यायचे आणि आईनं त्यांना भाऊ मानलं होतं. आई मरळीचं कालवण शेंगदाण्याचं कूट लावून करायची. पहिल्या घासाला मामा थांबायचे. "बाय, आमच्याकडं माशाला नारळाच्या दुधात आंघोळ घालतात. तुम्ही त्याला पेंडीत लोळवता." आई म्हणायची, "मंग नका खाऊ." मामा तीन भाकरी खायचे. मी आता कधीमधी कालवणाला ओलं खोबरं लावते. घरात कोणी विचारत नाही का म्हणून, आणि मीही सांगत नाही.

शिडासाठी मांजरपाट राहुरीहून आणला. मी आणि आईनं तो गोधडी शिवतात तसा दुहेरी टाक्यानं जोडला, आणि जाळी रंगवतात तसा बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवला. आठ दिवस घराला, आमच्या केसांना, भाकरीलासुद्धा तो कडवट वास येत होता. शीड तांबूस झालं, आणि त्याच कापडातून शिवलेलं, होडीच्या नाकाशी लावायचं छोटं तिकोनी शीडही. मग मामांनी त्याच्या खालच्या कडेपासून दोन हात वर, आडव्या ओळीत, सात ठिकाणी बंद लावायला सांगितले, दोन्ही अंगांना. मी आबाच्या जुन्या धोतराचे काठ फाडून बंद शिवले. मला वाटलं शोभेला असतील. मामा म्हणाले, "पाण्यात उतरताना लुगडं वर खोचतेस ना गो? तसंच हे. वारा वाढला की शीड खाली घ्यायचं, खालचा पट्टा गुंडाळायचा, ह्या बंदांनी आवळायचा, नि उरलेलं शीड परत वर चढवायचं. शीड लहान झालं की होडी शहाणी होते." तेव्हापासून आमच्या घरात त्याला शीड खोचणं म्हणायचे. गाठही त्यांनी दाखवली, दुमडून मारायची, बसली की वाऱ्याच्या बापाला सुटणार नाही, आणि आपण एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी.

शिडाच्या होडीला दोन माणसं लागतात आणि मला भाऊ नव्हता. माझी शाळा चौथीला सुटली होती. त्यामुळं मी आबाबरोबर जाऊ लागले. आबा सुकाणूवर, मी शिडाच्या दोरावर. ते दिवस कसे होते हे मला नीट लिहिता येणार नाही. सकाळी पाणी हललेलं नसायचं आणि शीड नुसतं लोंबायचं. मग कुठून तरी झुळूक यायची, पाण्यावर काळसर पट्टा सरकत यायचा, तो आमच्यापाशी पोचला की कापड एकदम भरायचं, दोर हातात ताठ व्हायचा आणि होडीच्या पुढं पाणी बोलायला लागायचं. लोक आपसांत बोलायचे, कोंबड्या ओरडायच्या, कोणाच्या मांडीवर लाल मिरचीचं पोतं. मी कोणाशी बोलायची नाही. मला लोक भोयाची मुकी म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हातात दोर असला की बोलायची गरजच नसते.

सुट्टीच्या दिवशी मामा आमच्या होडीत यायचे आणि अवघड गोष्टी शिकवायचे. त्यांचा पहिला नियम असा की शिडाचा दोर हातात धरायचा, कधी बांधून ठेवायचा नाही. दुसरा असा की वारा पाठीमागून असला तर तो किती आहे ते कळत नाही, तेव्हा मागं वळून पाण्याकडं बघत राहायचं. आणि तिसरी गोष्ट, जी आबाच्या गळी उतरायला फार दिवस लागले, ती म्हणजे वादळात काठाला जायचं नाही. आबा म्हणायचा, "मंग जायाचं कुठं?" मामा म्हणायचे, "खय नाय. हंयच उभं राहायचं." मग त्यांनी होडी उभी धरून दाखवली. मोठं शीड खोचून लहान करायचं आणि घट्ट ओढून घ्यायचं. पुढचं छोटं तिकोनी शीड मुद्दाम उलट्या बाजूला ओढून धरायचं. सुकाणूचा दांडा वारा जातो त्या अंगाला रेटून बांधून टाकायचा. मग पुढचं शीड होडीचं तोंड एकीकडं ढकलतं, सुकाणू ते दुसरीकडं आणतं, आणि दोघांच्या ओढाताणीत होडी भर वाऱ्यात जागच्या जागी डुलत राहते. थोडी आडवी सरकते, पण बैल रवंथ करत सरकावा तशी. मामा म्हणाले, "काठ आपला नसतो पोरी. काठाला दगड असतात." आबाला ते पटलं नाही. मला पटलं, कारण आमच्या काठाला काय आहे ते मला माहीत होतं. दक्षिणेच्या अंगाला आमचं जुनं गावच होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारुतीच्या देवळाचा कळस वर यायचा आणि त्याच्या भोवती, पाण्याखाली कमरेएवढ्यावर, चावडीच्या भिंती आणि तोडलेल्या बाभळींचे खुंट. आबाची दोन जाळी तिथं फाटली होती.

पुढं मामांची बदली झाली. जाताना त्यांनी आईच्या हातात एक नारळ दिला आणि म्हणाले, "एकदा तरी लावून बघ, बाय." त्यांचं नंतर काही कळलं नाही.

मला सोळावं लागलं आणि स्थळं यायला लागली. एक नेवाशाकडचं होतं, प्रवरेवरचे भोई. मुलाचा बाप वारलेला, घरात चुलता कर्ता. जेठ महिन्यात ते तिघं मला बघायला आले, मुलगा, त्याची आई आणि चुलता. आईनं आदल्या दिवशी आबाला बजावलं, "पोरगी होडीवर जाती म्हनून सांगायचं न्हाई. मानसं काय म्हनतील." आणि माझे तळहात दगडानं घासून काढले, दोराचे घट्टे जावेत म्हणून. ते गेले नाहीत. मी पाटावर बसले तेव्हा मुठी मिटून बसले.

मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याची नातवंडं असतील. सावळा होता, हात मोठे, आणि शेवयांची वाटी त्यानं दोन्ही हातांत धरली होती, जणू ती सांडेल अशी त्याला भीती होती. चुलत्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं ते मलाच ऐकू आलं नाही. चुलता आबाला म्हणाला, "मुकी तर न्हाई ना पाव्हनं? आत्ताच सांगा." त्यावर मुलाची आई म्हणाली, "भावजी, तुमच्यापुढं कुनाचं तोंड उघडतं? आमी आल्यापास्नं तुमीच बोलताय." मुलगा खाली बघून हसला, आणि मी ते बघितलं, आणि त्यानंही मी बघितलेलं बघितलं. एवढंच. पण मला त्याच वेळी वाटलं की ह्याच घरी जावं. आजवर मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मारुतीला मनातल्या मनात मागितलं, तोही बिचारा पाण्याखालीच.

त्यांनी पसंती सांगितली. कुंकू लावलं. मुलाच्या आईनं माझा हात हातात घेतला, तळवा बघितला, घट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हिला आमच्यासंगं धरनापतूर येऊ द्या. तितं कासार बसतो न्हवं, माझ्या हातानं बांगड्या भरते. संध्याकाळी बापासंगं परत यील." आमच्यात तशी रीत होती, पसंतीच्या दिवशी सासूनं हिरव्या बांगड्या भरल्या की बोलणं पक्कं. आईनं मला तिची लग्नातली साडी नेसवली, वाटेत खायला धपाटे आणि चटणी बांधून दिली. आणि अशी मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या होडीत उतारू म्हणून बसले, मधल्या फळीवर, डोईवर पदर, हात मांडीवर.

शिडाच्या दोरावर कोण, हा प्रश्न आला तेव्हा चुलता म्हणाला, "आन की हिकडं. आमीबी भोईच हाये. आमी काय पानी पाह्यलं न्हाई?" आबानं दोर त्याच्या हातात दिला. मला बोलायचं होतं. बोलले नाही.

वारा पश्चिमेचा, पाठीमागून. निघालो तेव्हा होडी छान पळत होती, आणि चुलता खूश होऊन म्हणाला, "ह्ये बरंय. येळूबी नको आन् घामबी नको." थोड्या वेळानं त्याला तंबाखूची आठवण झाली. त्यानं दोर फळीला दोन-तीन गाठी मारून बांधून टाकला आणि तंबाखू मळायला घेतली. नदीच्या होडीला दोर असतो तो काठाला बांधण्यापुरताच, त्याचं काही चुकलं असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. मी मागं वळून पाण्याकडं बघितलं. मागचं पाणी पांढरं झालं होतं. आबानंही बघितलं. तो शिडाकडं बघू लागला, आणि मला कळलं की तो शीड खोचायचं मनात आणतोय. पण चुलता म्हणाला, "काय बघताय पाव्हनं? एवढ्या वाऱ्याला शीड उतरवता व्हय? आमच्या पोराच्या सासऱ्याची छाती एवढीच?" आबा हसला आणि त्यानं शीड राहू दिलं. आबाला मी तेवढ्यासाठी कधी दोष दिला नाही. मुलीच्या बापाला त्या दिवशी कोण काय म्हणेल तेच खरं असतं.

मग वारा आला. म्हणजे आधी होता तो वारा नव्हताच असं वाटायला लावणारा आला. होडीचं नाक पाण्यात घुसायला लागलं, पुढून पाणी आत आलं, मुलाच्या आईनं माझा दंड धरला. चुलत्याच्या हातातली तंबाखू उडून त्याच्याच डोळ्यात गेली. "काठाला घ्या," तो ओरडला, "काठाला घ्या पाव्हनं, काय बघताय." आणि आबानं, तीन पिढ्यांच्या सवयीनं, सुकाणू फिरवलं. होडीचं तोंड दक्षिणेकडं झालं. वारा एका अंगावर आला आणि होडी इतकी कलली की माझे पाय पाण्यात गेले. समोर मला देवळाचा कळस दिसला. त्याच्याभोवती लाटा फुटत होत्या. जिथं पाणी फुटत होतं तिथं चावडी होती. आबाला ते माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला त्या क्षणी फक्त काठ दिसत होता.

मी म्हणाले, "आबा, काठाला नको." कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी उठून उभी राहिले, आईची साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि ओरडले, "आबा, काठाला नको. चावडी हाय तितं." माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. चुलत्याला म्हणाले, "दोर सोडा." तो डोळे चोळत गाठ सोडू लागला, पण दोर ताणलेला, गाठ दगड झाली होती. आबाचा कोयता तळाशी असायचा, तो मुलाच्या पायाशी होता. मी त्याला म्हणाले, "कोयता." त्यानं कोयता मला दिला नाही. चुलत्याकडं बघितलंही नाही. त्यानंच वाकून एका घावात दोर तोडला.

शीड मोकळं झालं आणि फडफडायला लागलं, कानाजवळ कोणी चाबूक ओढतोय असं. मी ते खाली घेतलं. ओलं कापड, त्यात वारा, मी त्याच्यावर पोटानं पडले आणि पट्टा गुंडाळून बंद बांधू लागले. एक बांधला, दुसरा बांधला. मुलगा माझ्या समोर गुडघ्यावर बसला होता. त्यानं माझे हात बघितले आणि त्याच्या बाजूनं बांधायला लागला. चार मी बांधले, तीन त्यानं. शीड वर चढवलं, अर्ध्याहून लहान, आणि तोडलेल्या दोराच्या उरलेल्या तुकड्यानं घट्ट ओढून घेतलं. आबाला म्हणाले, "तोंड वर घे, वाऱ्यावर घे." आबानं घेतलं. होडी वळताना आडवी लाट आली आणि आम्ही सगळे नखशिखांत भिजलो, मुलाच्या आईनं खंडोबाचं नाव घेतलं. मग मी मुलाकडून पुढचं छोटं शीड उलट्या अंगाला ओढून घेतलं, आणि मागं जाऊन आबाच्या हातातला दांडा रेटून दोरानं बांधून टाकला. आबानं हात काढून घेतले. मला त्याचे हात आठवतात, नुसतेच मांडीवर ठेवलेले.

आणि होडी उभी राहिली.

ज्यानं हे पाहिलं नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. वारा तेवढाच होता, लाटा तेवढ्याच होत्या, पण आवाज एकदम कमी झाला. होडी नाक थोडं वर करून लाटेवर चढायची आणि खाली उतरायची, चढायची आणि उतरायची. पाणी आत यायचं थांबलं. आबानं डबा घेऊन आतलं पाणी काढायला सुरुवात केली.

चुलता म्हणाला, "आता काय हितंच बसायचं व्हय? काठ त्यो काय, दिसतोय की."

"बसायचं," आबा म्हणाला.

"कवर?"

"वारा पडंपतूर. दिस मावळता पडंल."

चुलत्याला मग ओकाऱ्या सुरू झाल्या. मुलाच्या आईनं त्याची पाठ चोळली आणि म्हणाली, "भावजी, तंबाखू मळून देऊ का?" आबाला हसू आवरेना, त्यानं डब्यात तोंड घातलं. नंतर तिनं धपाट्यांचं फडकं सोडलं. धपाटे भिजून मऊ झाले होते, आम्ही तसेच खाल्ले. एवढं चवीचं मी नंतर कधी काही खाल्लेलं नाही.

पुढच्या शिडाचा दोर बांधायला नीट जागा नव्हती, तो हातानं धरावा लागत होता. मी धरला, मग मुलानं धरला, मग दोघांनी. पुढच्या टोकाला आम्ही दोघं जवळजवळ बसलो होतो, मध्ये तो ओला दोर, आणि मागच्यांची आमच्याकडं पाठ. तो म्हणाला, "खरंच गाव हाय पान्याखाली?"

"हाय."

"तुमचं घर कुठंशी?"

मी कळसाच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. त्यानं पुष्कळ वेळ तिकडं बघितलं, जणू घर दिसेल. मग त्यानं सांगितलं की त्यांच्याकडं प्रवरा उन्हाळ्यात एवढी आटते की म्हशी चालत पलीकडं जातात, वेळू अर्धाच लागतो, शीड त्यानं आजच पाहिलं. "हे सगळं कुनी शिकवलं?"

"मामानं. बाजेवर."

"बाजेवर?" तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "मला शिकवशील?"

मी मान हलवली. त्याच्यापाशी मला बोलायची भीती वाटत नव्हती, तरी बोलले नाही. पुष्कळ वेळ आहे असं मला वाटलं.

दिवस कलला तसा वारा पडत गेला. आबानं दांडा सोडला, आम्ही भिंतीपाशी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि कासार दुकान बांधून निघून गेला होता. मुलानं बांधलेले तीन बंद काही केल्या सुटेनात, त्यानं एक दातानं सोडवला, दोन तसेच राहिले. त्याची आई म्हणाली, "बांगड्या पुढच्या येळंला, पोरी." आणि माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. चुलता एस.टी.त जाऊन बसला होता.

पंधरा दिवसांनी मध्यस्थ आला. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला आणि मग सांगितलं की ते लोक नाही म्हणतात. चारचौघांत बापाला अरेतुरे करून हुकूम सोडते, बापाच्या हातातलं सुकाणू काढून घेते, अशी पोरगी घरात आली तर उद्या आम्हाला बसा म्हणेल आणि उठा म्हणेल.  आई आबाला म्हणाली, "तुमी जा नेवाशाला. त्यास्नी सांगा, मीच तिला सांगितलं हुतं ह्ये कर आन् त्ये कर. पोरगी माझ्याच सांगन्यावरनं वागली. एवढं सांगितलं की मिटतंय." आबा तयार झाला. स्वच्छ धोतर नेसला, टोपी घातली आणि पहाटे गेला. त्या दिवशी मी होडी धुतली. ते दोन बंद मी सोडले नव्हते.

आबा दुसऱ्या दिवशी परत आला. आईनं तांब्या दिला, तो पाणी प्याला, आणि तिनं काही विचारायच्या आत म्हणाला, "न्हाई जमलं मला."

"काय न्हाई जमलं?"

"खोटं बोलाया. सांगाया तोंड उघडलं आन् भलतंच आलं. म्या म्हनलं, मी काठाला निघालो हुतो. मी तुमाला चावडीवर घातलं असतं. तुमी आज हितं बसून सुपारी कातरताय ती माज्या पोरीमुळं. न्हाई करायची तर नका करू."

आई मटकन खाली बसली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुढं चार-पाच दिवस आबापुढं नुसतं ताट सरकवत राहिली. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. मला आबाचा एवढा राग आला होता, आणि एवढा अभिमान वाटला होता, की दोन्ही एकाच जागी दुखत होतं. आज माझे केस पांढरे झाले तरी त्यातलं एक वेगळं काढता येत नाही.

रात्री जेवताना आबा माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरगा फाट्यापतूर आलता सोडाया. चा पाजला. चुलत्यापुढं त्याचं काय चालत न्हाई. गाठ कशी मारायची म्हनून ईचारत हुता."

"मंग?"

"दावली. उपरन्यानं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बसली."

त्याच माघात माझं लग्न देवळाली प्रवरेकडं झालं. उसाचं गाव, पाटाचं पाणी, सगळं पाणी सरळ रेषेत वाहणारं. माझे मालक भले होते. ते मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्या घराला काही कमी पडू दिलं नाही. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. ह्या वहीत त्यांच्याबद्दल मी आधी लिहिलेलं आहे, ते सगळं खरं आहे. आबानं माझ्यानंतर दोन वर्षं होडी चालवली, मग पलीकडून सडक झाली आणि होडी काठावर उलथी पडून राहिली. मी परत कधी होडीत बसले नाही. कोणी बसवलं नाही, आणि मला बसव म्हणायचं धाडस झालं नाही.

कधी दुपारी सून शेतावर गेली की मी ही वही काढते. मनात येतं, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर? चावडीवर होडी फुटली असती. सगळेच बुडालो नसतोही कदाचित, काठ जवळ होता, कोणी तरी पोहून निघालं असतं. असले हिशोब करून काही उपयोग नसतो. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा ओरडेन, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, आबाला नाही, मालकांना तर नाहीच. त्या संध्याकाळी होडीत सगळे जण वारा पडायची वाट बघत होते. चुलता नवस बोलत होता, मुलाची आई पदर धरून बसली होती, आबा घटकेघटकेला आभाळाकडं बघत होता. मी पुढच्या टोकाला तो ओला दोर धरून बसले होते, दोराच्या दुसऱ्या टोकाला त्या मुलाचे हात, आणि मी मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ पडू नको.